छतावरचं नरसाळं

माझी आई शिवणकाम करायची, आणि आमच्या घराच्या छतावर आख्खा माणूस आडवा झोपेल एवढी मोठी डिश होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं कुणीही विचारेल. मीही विचारायचे. आणि ज्या दुपारी तो संबंध कळला, त्या दुपारी माझ्या हातातून चहाचं भांडं पडलं.

डिश बाबांची. रेडिओ आणि टीव्ही दुरुस्तीचं त्यांचं दुकान होतं, आणि जगात कुठेही कुस्ती चाललेली असली तर ती आपल्याला दिसलीच पाहिजे असा त्यांचा हट्ट होता. म्हणून मोटारवाली डिश. बटण दाबलं की ती छतावर कण्हत कण्हत आकाशाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडे वळायची. समोरच्या घरातल्या आजोबांना हे कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा ती आपोआप वळताना पाहिली तेव्हा त्यांनी खिडकी लावून घेतली, ती दोन दिवस उघडलीच नाही.

बाबा गेले, डिश राहिली. मी आईला म्हटलं, "भंगारवाल्याला बोलावते." आई म्हणाली, "बोलाव." तिला त्या यंत्राचा कंटाळाच होता. मी भंगारवाल्याशी बोलूनही आले.

त्याच दुपारी आईला एक ब्लाउज उसवता उसवता सिनेमा बघायची हुक्की आली. बाबा हयात असताना त्या रिमोटला हात लावायची आमची कुणाची हिंमत नव्हती, त्यामुळे कुठलं बटण कशाचं हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं दिसेल ते दाबलं. मी स्वयंपाकघरात होते. अचानक आई किंचाळली. मशीनची सुई बोटात गेली असणार असं वाटून मी भांडं हातात घेऊन तशीच धावले. आई खोलीच्या मधोमध उभी होती, तोंड उघडं, बोट टीव्हीकडे.

टीव्हीवर पांढऱ्याकाळ्या ठिपक्यांचा नुसता पाऊस होता. आणि त्या ठिपक्यांमागे माझा धाकटा भाऊ एका पत्र्याच्या पेटीवर बसून उकडलेलं अंडं खात होता.

भांडं पडलं ते तेव्हा.

माझा भाऊ बातमीदार. तिकडे लांब, जिथं लढाई चालू होती अशा देशात त्याला पाठवलेलं. तो आम्हाला रोजच्या बातम्यांत दिसायचा, पण किती? डोळ्याची पापणी लवते तेवढा. कोट, कंगवा, दोन वाक्यं, संपलं. हे तसं नव्हतं. खाली नाव नाही, कोपऱ्यात वाहिनीचं चिन्ह नाही. हा आपला एकटा बसलाय, अंडं खातोय, मीठ नाही म्हणून तोंड वाकडं करतोय. अंडं संपल्यावर त्यानं दोन्ही हात पँटला पुसले.

"पँटला हात पुसले!" आई म्हणाली. मग ती खुर्चीत बसली आणि रडायला लागली.

नंतर डिशच्या दुकानात विचारलं तेव्हा उलगडा झाला. बातमी सुरू व्हायच्या आधीच कॅमेरा चालू करून ठेवतात. तिकडून चित्र वर उपग्रहाकडे जातं आणि उपग्रह ते इकडे बातम्यांच्या कचेरीवर पाठवतो. पण उपग्रहाला कचेरी कुठली आणि शिंपीणबाईचं छत कुठलं, हे कळत नाही. तो सगळ्यांवर सारखंच सांडतो. ज्याची डिश त्या बाजूला वळलेली असेल त्याला ते कच्चं चित्र दिसतं. कचेरीतल्या माणसांना दिसतं आणि औषधांच्या दुकानामागच्या गल्लीत माझ्या आईला दिसतं. भावाला यातलं काहीच माहीत नव्हतं.

भंगारवाला ठरल्या वेळी आला. आईनं त्याला दारातूनच असा काही हाकलला की तो पुढं मला रस्त्यात ओळख देईना.

त्यानंतर आईनं जे केलं ते बघून मी थक्क झाले. या बाईला साधा फ्यूज बदलता येत नव्हता. तिनं त्या डिशची नस न् नस समजून घेतली. डिशच्या समोर तीन पायांवर एक भांडं टांगलेलं असतं, त्याला ती नरसाळं म्हणायची. "छत्री नुसती गोळा करते," ती गिऱ्हाइकांना माप घेता घेता सांगायची, "खरं काम नरसाळ्याचं." त्या नरसाळ्याच्या घशात एक वाकवलेली बारीक तार असते आणि एक एवढीशी मोटार ती तार फिरवते. आकाशातून काही चित्रं उभी येतात, काही आडवी. तार उभी केली की उभी चित्रं मिळतात, आडवी केली की आडवी. मला हे अजूनही थापच वाटते. पण जन्मभर उभा धागा आणि आडवा धागा बघितलेल्या बाईला ते एका फटक्यात पटलं. त्या तारेला तिनं नावही दिलं होतं: सुई.

सुईच्या मोटारीला ती मशीनचं तेल घालायची. नरसाळ्यात पाणी जाऊ नये म्हणून तिनं रेनकोटच्या कापडाचं टोपडं शिवलं होतं, खाली नाडी ओवलेलं, बाळाला घालतात तसंच. आणि हे सगळं करायला ती गळ्यात मापाची टेप अडकवून शिडीनं छतावर चढायची. या वयात! माझं धाबं दणाणायचं. मी खाली शिडी धरून डोळे मिटून उभी राहायचे आणि ती वरून विचारायची, "झोपलीस का गं?"

रविवारी भावाचा फोन यायचा. "आई, मी बरा आहे. जेवतो वेळेवर. झोप छान लागते. इथं सगळं शांत आहे." शुक्रवारी आम्ही त्याला एका भिंतीमागे डोकं धरून बसलेला बघितलेला असायचा. आई गोड आवाजात म्हणायची, "बरं हो, बाळा." फोन ठेवला की म्हणायची, "खोटारडा." पण म्हणताना तिचा चेहरा फुललेला असायचा.

एक गोष्ट मात्र तो दर रविवारी खऱ्या काळजीनं बोलायचा. "ती शिडी मोडून टाक. तू छतावर कशाला जातेस? बाबा गेले, आता त्या डिशवर बघतेस काय एवढं?"

"सिनेमे," आई म्हणायची. चेहऱ्यावरची माशी हलायची नाही.

"सांगून टाक ना त्याला," मी म्हणायचे.

"सांगितलं की तो नीट बसेल," ती म्हणायची. "नीट बसलेला तर सगळ्या जगाला दिसतो. मला नको तो."

खरं सांगते, माझ्या पोटात दुखायचं. मी रोज कामावरून सुटले की स्वतःच्या घरी जायच्या आधी तिच्याकडे जायचे. भाजी आणायची मी, तिच्या गुडघ्यांना मलम लावायची मी. माझ्याकडे वळायला कुठली मोटारही लागत नव्हती. तरी मी दारात उभी राहिले की ती म्हणायची, "जरा बाजूला हो, तो आलाय." आणि मी बाजूला व्हायचे, आणि दोन मिनिटांनी तिच्या शेजारी खुर्ची ओढून मीही बघत बसायचे. काय करणार, माझाही तो भाऊच.

फक्त एक अडचण होती. आवाज. बाबांचं नरसाळं जुनं झालं होतं. उभं लावलं तरी आडव्यातलं शेजारचं चित्र त्यात घुसायचं. त्यामुळे पडद्यावर ठिपके आणि आवाजाच्या जागी अखंड घरघर. भाऊ बोलताना दिसायचा पण ऐकू काही यायचं नाही. आईनं त्यावर स्वतःचा उपाय काढला. ती त्याच्याकडे बघायची. नुसतं बघायची, तासन् तास. तो डावा खांदा उडवतो तेव्हा त्याला कुणीतरी घाई करतंय. मान खाजवतो तेव्हा खरं बोलायचं टाळतोय. पाय हलवतो तेव्हा भूक लागलीय. हे सगळं तिनं ठरवून टाकलं होतं. आणि बातमी सुरू होण्याआधी तो डोळे मिटून ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायचा, ते काय, तर आईचं नाव.

"लाइटबिलाची आठवण येत असेल," मी एकदा म्हटलं. त्यावरून तिनं दिवसभर माझ्याशी अबोला धरला.

मग थंडीत ती सुईची मोटार अडकायला लागली. बटण दाबलं की वरून नुसतं टक टक व्हायचं, सुई जागची हलायची नाही. आई कात्रीच्या मुठीनं तिला टिचक्या मारून यायची. एक दिवस त्याचाही उपयोग होईना. पडद्यावर नुसते ठिपके. आई तीन दिवस जेवली कशी नि झोपली कशी हे मलाच माहीत. शेवटी मी म्हटलं, चल, नवं नरसाळं आणू, माझ्याकडून.

डिशच्या दुकानाचा मालक गप्पिष्ट माणूस, बाबांच्या ओळखीचा. त्यानं काउंटरवर तीन प्रकार मांडले आणि आईला बसायला स्टूल दिलं.

"हे बघा, हे सगळ्यात नवं," तो म्हणाला. "उभं आणि आडवं, दोन्ही एकदम घेतं. आत काही फिरत नाही, म्हणजे अडकायचा प्रश्नच नाही."

"मग हेच घेऊ," मी म्हटलं.

"थांबा ताई. तुमची डिश एका जागी राहत नाही ना, फिरते. ती पार टोकाच्या उपग्रहाकडे वळली की तिथलं उभं पूर्ण उभं नसतं, जरा कललेलं असतं. याला कलता येत नाही. चित्र येईल, पण शेजारचंही घुसेल."

"तो टोकालाच असतो," आई म्हणाली. "आणि हे?"

"यात सुई नाही, तारेचं वेटोळं आहे. वीज कमीजास्त केली की चित्र हवं तेवढं कलतं. अडकत नाही. पण थोडं चित्र हेच खाऊन टाकतं, आणि गारठा पडला की पुन्हा जुळवायला लागतं."

"म्हणजे दर गारठ्यात पुन्हा वर चढून जुळवत बसा," आई म्हणाली. "तिसरं?"

तिसरं सुईवालंच, पण मोटार दणकट. मागे आवाज आणि चित्र मोठं करणारा जो डबा असतो, तोही कमी खरखरीचा. आईनं ते हातात घेऊन आत डोकावून पाहिलं, जसं ती दुसऱ्यानं शिवलेल्या कपड्याचं अस्तर उलटून बघते. मग म्हणाली, "सुईवालं द्या. सुईचं मला कळतं."

"यात बोलणं ऐकू येईल का?" मी विचारलं.

"आलं पाहिजे," तो म्हणाला.

"मग बांधून द्या," मी म्हटलं. मीच म्हटलं.

बसवायला दोन दिवस गेले. नरसाळ्याच्या तोंडाशी एक कड्यांची थाळी असते, ती डिशच्या खोलीप्रमाणे पुढंमागं सरकवावी लागते. नरसाळ्याला डिशची कड दिसली पाहिजे, पण कडेपलीकडचं आकाश दिसता कामा नये. तसं झालं की खरखर आलीच. आईला डिशची रुंदी आणि खोली गिऱ्हाइकाच्या छातीकमरेसारखी पाठ होती. पहिल्यांदा सुई एका जागी थांबेना, थरथरत राहिली. दुकानदार म्हणाला, छतापर्यंतची वायर फार बारीक आहे, जाड टाका. आईनं जाड टाकली. मग ती खाली येऊन रिमोट घेऊन बसली आणि बटणानं सुई केसभर इकडे, केसभर तिकडे करत गेली. ठिपके विरळ झाले. मग गेलेच. मला भावाच्या गालावरची न केलेली दाढी दिसली. आणि घरघर थांबली.

त्यानं तोंड उघडलं आणि कानातल्या यंत्राला अशी काही सणसणीत शिवी हासडली की आईच्या हातातून रिमोट सुटला.

"हे कुठून शिकला हा?" ती घाबरून म्हणाली.

"तुझ्याकडूनच. मशीनचा दोरा तुटला की काय म्हणतेस तू?"

मग बातमीची वेळ झाली. त्यानं डोळे मिटले, ओठ हलले. आई पुढं सरकून बसली. तो आपलं पहिलं वाक्य घोकत होता. आज सकाळपासून शहराच्या पूर्व भागात, आज सकाळपासून शहराच्या पूर्व भागात. बस, एवढंच. आईनं माझ्याकडे बघितलं नाही. "चांगलंय की," ती म्हणाली. "पाठ केलेलं बरं." मला हसू आलं होतं, पण ते मी गिळलं.

हे मंगळवारी झालं. गुरुवारी दुपारी मी तिच्याकडे जेवून तशीच बसले होते. आई एका फ्रॉकच्या घेराला टाचण्या लावत होती. तोंडात ओठांमध्ये टाचण्यांची रांग, ही तिची जन्माची सवय. पडद्यावर भाऊ त्या पत्र्याच्या पेटीवर बसला होता. छातीवर छोटा माइक लावलेला. त्याच्या माइकमुळे आम्हाला फक्त तोच ऐकू यायचा. कॅमेऱ्यामागचा माणूस काही बोलला तर नुसतं लांबून गुरगुरल्यासारखं. मागे कुणी आहे हेच एरवी माझ्या लक्षात यायचं नाही.

गुरगुर झाली. भावानं हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाला, "माझीही गेली."

पुन्हा गुरगुर.

"आई," तो म्हणाला. "छतावरून पडली. शिडी सरकली. मी असाच बाहेर होतो, ताईचा फोन आला. ताईनंच सगळं केलं. मला जाता आलं नाही."

खोटं नाही सांगत, मी वळून आईकडे पाहिलं, ती आहे ना म्हणून. ती होती. फ्रॉक मांडीवर, ओठांत टाचण्या. तिनं श्वास आत ओढला तर त्या घशात जातील या भीतीनं मी पुढं झुकले. आईनं हात वर केला आणि एकेक टाचणी ओठांतून काढून टाचण्यांच्या गादीत खोचली. सगळ्या. घाई न करता.

पडद्यावर भाऊ बोलतच होता. "सहन होतं. आधी वाटतं नाही होणार. मी तर तिचा आवाजच विसरीन म्हणून घाबरलो होतो. नाही विसरत." त्याचे डोळे भरले होते. खरे भरले होते. मग कचेरीतून काही सूचना आली असावी. तो उठला, कोट सारखा केला, आणि आज सकाळपासून काय काय घडलं ते न अडखळता सांगून मोकळा झाला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "जिवंत आईला मारलं!" मी म्हटलं. "रडतोय काय, डोळे काय भरतायत! नाटकी मेला! सगळ्यांना हेच सांगत फिरत असणार. लाज वाटते त्याला, शिवणकाम करणारी आई म्हणून—"

"कॅमेरा हलतोय," आई म्हणाली.

"काय?"

"मघापासून हलतोय. वारा नाही तिकडे, त्याचे केस बघ. मग कॅमेरा का हलतोय?"

मी पाहिलं. आधी मला काहीच कळेना. मग दिसलं. चित्राची कड अगदी बारीक थरथरत होती, थांबत होती, पुन्हा थरथरत होती. मला वाटलं आपलीच सुई. आईनं मान हलवली. सुई थरथरली तर ठिपके येतात, ठिपके नव्हते.

"तो कॅमेरावाला रडतोय," आई म्हणाली. "त्याची गेली असणार. म्हणून हा म्हणाला, माझीही."

पण माझं समाधान झालं नाही. आजही पुरतं झालेलं नाही. दुसऱ्याच्या दुःखावर फुंकर घालायला स्वतःची आई मारायची? दुसरं काही सुचलं नाही? मी तसं म्हणाले. आईनं ऐकलंच नाही. ती स्वतःशी एकेक गोष्ट पुन्हा म्हणत होती.

"छतावरून म्हणाला ना?"

"हो."

"शिडी सरकली."

"हो."

"तू सगळं केलंस म्हणाला. त्याला येता आलं नाही म्हणाला." मग ती म्हणाली, "एवढं ऐन वेळी सुचत नाही गं कुणाला. हे त्यानं आधीच पुष्कळदा बघून ठेवलंय."

ते ऐकून मला जो धक्का बसला तो पहिल्याहून मोठा होता. आम्ही इकडे बसून त्याला मरताना डोळ्यांपुढे आणायचो, रोज, एकमेकींना न सांगता. तो तिकडे बसून तेच करत होता. आणि दर रविवारी दोन्हीकडून सगळं छान चाललेलं असायचं.

तीन दिवस मशीन बंद होतं. आई खिडकीशी बसून असायची. गिऱ्हाइकं परत जात होती. मी म्हटलं, सरळ विचार त्याला, नाहीतर मी विचारते. ती म्हणाली, "विचारलं तर काय होईल ते कळतंय ना तुला? त्याला कळेल मी बघते. मग तो नीट बसायला लागेल." आणि थोड्या वेळानं: "नाही विचारलं, तर हा रोज तिथं बसून मला शिडीवरून पाडत राहणार." जगातली तिची एकच खिडकी होती ती. ती उघडी ठेवायची की त्याच्या डोक्यावरचा भार उतरवायचा, यात ती अडकली होती. मला खूप काही बोलावंसं वाटत होतं, पण यात माझं मत कुणी विचारलं नव्हतं.

रविवारी फोन वाजला. आईनं तो उचलला, आणि मला ऐकू यावं म्हणून जरा कानापासून लांब धरला.

"आई, मी बरा आहे. जेवतो वेळेवर. झोप छान लागते. इथं सगळं—"

"मी पडले नाहीये रे," आई म्हणाली.

त्याला बोलू न देता ती पुढं म्हणाली,

"शिडी आजपासून ताईच्या ताब्यात. मी चढणार नाही. शप्पथ. आणि तुझ्या त्या कॅमेरावाल्याला सांग, माझ्या आईनं सांगितलंय म्हणावं, दोन घास खाऊन घे. उपाशी राहून रडू नये."

फोन कापला गेला असं मला वाटलं. मग अगदी लांबून, भावाचा नव्हेच असा आवाज आला. "तू... कधीपासून?"

"अंडं खात होतास तेव्हापासून," आई म्हणाली. "पँटला हात पुसलेस."

त्यानं फोन ठेवला. आई रिसीव्हर हातात धरून किती तरी वेळ तशीच बसली. मीच तो काढून जागेवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी टीव्हीसमोर बसलो. आईनं बटण दाबलं. वर डिश कण्हत वळली, सुई आपल्या जागी आली, चित्र लख्ख उमटलं. पेटी नव्हती. भाऊ उभा होता. दाढी गुळगुळीत, शर्टाला इस्त्री, भांग चापून पाडलेला. बातमीला अजून वेळ होता. तो सरळ कॅमेऱ्यात बघत होता, म्हणजे सरळ आमच्याकडे.

"आई," तो म्हणाला आणि हसला. "मी बरा आहे. जेवतो वेळेवर. झोप छान लागते. इथं सगळं शांत आहे."

त्याच्या मागे कुठंतरी मोठा धडाका झाला. कॅमेरा हादरला. भावाची पापणीही लवली नाही. तो हसत राहिला.

मी तोंडावर हात ठेवला. आई ताठ बसली होती.

"बघितलंस," ती म्हणाली. "आता इथंही खोटं बोलायला लागला."

मला वाटलं ती रडेल. तिनं रिमोट घेतला. वाटलं, टीव्ही बंद करते की डिशच दुसरीकडे वळवते. तिनं फक्त आवाज बंद केला. भाऊ पडद्यावर बोलत राहिला, ओठ हलत राहिले, जसे इतके दिवस हलत होते. आई खुर्ची ओढून पडद्याच्या अगदी जवळ गेली.

"तोंडाकडे नको बघूस," ती मला म्हणाली. "खाली बघ. हात बघ त्याचा."

मी पाहिलं. चेहरा हसत होता. खाली, चित्राच्या पार कडेला, त्याचा उजवा हात पँटला पुसला जात होता. पुन्हा पुन्हा. हातात खायला काही नव्हतं.

"घाबरलाय," आई म्हणाली, आणि पडद्यावरच्या त्या हातावर तिनं आपला हात ठेवला.